क्रँक दिसत नाही, पण नळ्या दिसतात

ग्रां प्री शर्यतीच्या गाडीचं मॉडेल. गाडी लोटस २५, प्रमाण एकास बारा. किट नाही. पितळ, प्लॅस्टिकचा पत्रा, तांब्याची तार, थोडं रेझिन आणि छापखान्यातून बाद झालेल्या ॲल्युमिनियमच्या प्लेटा, एवढ्या सामानातून उभी केलेली. कामाला लागून चौदा महिने झाले होते, इंजिन जागेवर चिकटवून झालं होतं, रंगाचा शेवटचा हात तेवढा राहिला होता. आणि तेव्हा कळलं की इंजिनाचा वरचा भाग १९६२ सालचा आहे आणि खालचा १९६३ सालचा. हे घडलं कसं आणि निस्तरलं कसं, ते इथे मांडतो. मॉडेल चांगलं झालं की वाईट, हा प्रश्न वेगळा. त्यात मी पडत नाही.

आधी गाडीबद्दल. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन, त्याची लोटस २५ पहिल्यांदा शर्यतीत उतरली ती २० मे १९६२ रोजी, झँडफूर्टच्या डच ग्रां प्रीत. तोवर ग्रां प्री गाडीचा सांगाडा म्हणजे बारीक नळ्या जोडून केलेला पिंजरा असायचा. या गाडीत पिंजरा नव्हता. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे रिव्हेट मारलेले लांब खोके, त्यांच्या पोटात इंधनाच्या रबरी पिशव्या, मध्ये जवळजवळ आडवा पडलेला ड्रायव्हर, आणि मागे त्याच खोक्यांच्या लांबवलेल्या हातांच्या मध्ये बसवलेलं इंजिन. त्याच हंगामात लोटसने खासगी संघांना २४ नावाची गाडी विकली होती. ती जुन्या पद्धतीच्या पिंजऱ्याची, पण बाहेरून २५ ची बहीण शोभेल अशी. पैसे मोजून २४ घेतलेल्यांनी झँडफूर्टला कारखान्याची २५ पाहिली तेव्हा त्यांचं डोकं फिरलं, आणि ते साहजिकच होतं. मॉडेल करणाऱ्यालाही २४ कमी त्रास देत नाही. फोटोखाली २५ लिहिलेलं असतं, आपण तास-दोन तास मोजमापं घेतो आणि मग कुठल्या तरी फटीतून गोल नळी डोकावते.

मला हवी होती एकच गाडी: १७ जून १९६२, स्पा-फ्रँकोरशाँ, क्रमांक १६, ड्रायव्हर जिम क्लार्क. सरावात इंजिनाने दगा दिला म्हणून तो बाराव्या जागेवरून सुटला आणि जिंकला. जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतला त्याचा तो पहिला विजय. त्या गाडीत कॉव्हेंट्री क्लायमॅक्सचं व्ही-८ इंजिन होतं, म्हणजे चार-चार सिलिंडरांच्या दोन तिरक्या रांगांचं, ६३ मि.मी. बोअर (सिलिंडरचा व्यास), ६० मि.मी. स्ट्रोक (पिस्टनची धाव), १४९६ सी.सी., आणि दोन रांगांच्या मधल्या खोबणीत वेबरचे चार दुहेरी कार्ब्युरेटर. म्हणजे वर तोंड करून उभ्या असलेल्या, हवा ओढणाऱ्या आठ तुताऱ्या. मॉडेलमध्ये बघणाऱ्याची नजर आधी जाते ती या तुताऱ्यांवर, आणि मीही आधी त्याच केल्या. लेथवर पितळेच्या सळईतून एकेक तुतारी काढायची, ओठ इतका पातळ करायचा की नखाने दाबला तर वाकेल. अकरा केल्या, आठ ठेवल्या.

आता आराखड्याची एक गोष्ट. मुख्य चूक तिच्यात नव्हती, पण मी स्वतःवर एवढा विश्वास का टाकला ते त्यातून कळतं. माझ्याकडे बाजूने काढलेल्या आराखड्याची एक प्रत होती. २५ चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ९१ इंच, म्हणजे २३११ मि.मी.; बाराने भागलं की १९२.६. प्रत मोठी करून घेतली तर कागदावर १९५.३ आले. पावणेतीन मिलिमीटर जास्त. सरळ सगळंच दीड टक्का लहान करावं, असं कुणालाही वाटेल. पण त्याआधी मी पुढच्या टायरवर कॅलिपर धरला. उभा व्यास ५०.२, आडवा ५०.९. चाक गोल नव्हतं! प्रत काढताना कागद एकाच दिशेने ताणला गेला होता. सगळंच लहान केलं असतं तर लांबी बरोबर आली असती आणि गाडी बुटकी झाली असती. तेव्हापासून कुठलाही आराखडा हातात आला की मी पहिल्यांदा त्यातलं चाक मोजतो. या एका पकडीने मी इतका खूश झालो की पुढे वर्षभर मापांवर डोळ्यांत तेल घालून बसलो आणि तारखांकडे मात्र काणाडोळा केला.

टबचं, म्हणजे त्या पत्र्याच्या खोक्यांच्या सांगाड्याचं, काम सगळ्यात सुखाचं झालं. दीड मिलिमीटरचा पत्रा बाराव्या हिश्श्यात सव्वाशे मायक्रॉन होतो, आणि ऑफसेट छपाईची प्लेट साधारण दीडशे मायक्रॉन असते. एवढं जवळचं आणि फुकटात मिळणारं दुसरं काही मला ठाऊक नाही. प्लेट कडक असते, वाकवायला गेलं की घडीवर तडकते. म्हणून मागच्या बाजूला साध्या साबणाची कांडी घासायची आणि खालून मंद ज्योत फिरवायची. साबण तपकिरी-काळा पडला की थांबायचं. ॲल्युमिनियम तापल्यावर लाल होत नाही, कसलीही सूचना न देता एकदम वितळतं. साबण ती सूचना देतो. थंड झाल्यावर पत्रा कागदासारखा मऊ होतो आणि लाकडी फर्म्यावर बोटांनी बसवता येतो.

रिव्हेट आतून उमटवले. तीन मिलिमीटरच्या खऱ्या रिव्हेटचं डोकं सहा-साडेसहा मिलिमीटरचं असतं, मॉडेलवर अर्धा मिलिमीटर. जुन्या घड्याळाचं एक दातेरी चक्र हँडलमध्ये बसवून ते पट्टीच्या कडेने फिरवलं की समान अंतरावर खुणा पडतात. मग प्रत्येक खुणेवर बोथट सुई. किती रिव्हेट झाले ते मोजलं नाही. मोजू नये. हाताची लय तुटते आणि पुढचा रिव्हेट वाकडा पडतो.

चाकांचं आटोपतं घेतो. रिम १५ इंचांची, म्हणजे मॉडेलवर पावणेबत्तीस मिलिमीटर. एक पितळेचं मूळ, त्यावरून सिलिकॉनचा साचा, त्यातून चार रेझिनची. टायर काळ्या रबरी मिश्रणातून ओतले. रिमसाठी थ्री-डी प्रिंट का नाही काढलीस, असं विचारणारे भेटतात. काढावी, माझी काही हरकत नाही. संगणकावर वर्तुळ काढणाऱ्यालाही ते वर्तुळ कुठल्या सालच्या गाडीचं आहे हे ठाऊक असावंच लागतं, आणि माझी गाडी नेमकी तिथेच अडली.

आता मूळ मुद्दा.

१९६२ च्या शर्यतीत गाडीच्या मागून, खालून, इंजिनाकडे वाकून काढलेले फोटो कमी आणि दाणेदार. इंजिनावरची सावली म्हणजे काळा डाग. त्याउलट पुढे अनेक वर्षांनी दुरुस्त करून उभ्या केलेल्या २५ चे फोटो रंगीत, स्वच्छ, हव्या त्या कोनातून. मी दोन्हीकडचे फोटो एकाच फोल्डरमध्ये भरले. वरच्या बाजूला जुन्या फोटोंत कार्ब्युरेटर स्पष्ट दिसत होते, म्हणून तिथे जुने फोटो वापरले. एक्झॉस्टसाठी जुन्या फोटोंत काही धड दिसेना, म्हणून नव्याकडे वळलो. तिथे मांडणी साधी होती: डाव्या रांगेतल्या चार नळ्या डावीकडेच एकत्र येतात आणि एक लांब शेपटी मागे जाते, उजवीकडेही तसंच. करायला सोपी, दिसायला देखणी. केली. मागून पाहिलं तर दोन शेपट्या, आणि जुन्या फोटोतही मागून दोनच शेपट्या. जुळलं, असं मी म्हटलं.

दुरुस्त केलेली गाडी खोटी नसते, पण तिच्या पोटात बहुतेकदा तिच्या आयुष्यातलं शेवटचं इंजिन असतं. शर्यतीची गाडी पंधरवड्याला बदलते; कुणी ती जपून ठेवण्यासाठी बनवत नाही.

चूक पकडली एका मित्राने. तो मॉडेल करत नाही, इंजिनं उघडतो. माझ्या टेबलाशी वाकून त्याने बराच वेळ गाडी पाहिली, तुताऱ्यांचं कौतुक केलं आणि विचारलं, ‘‘क्रँक कुठला धरलायस?’’

‘‘क्रँक आत आहे, राजा. तो कुठे दिसतोय?’’

‘‘क्रँक दिसत नाही, पण नळ्या दिसतात ना.’’

मग त्याने कागदावर एक अधिकचं चिन्ह काढलं आणि शेजारी एक सरळ रेघ. क्रँक म्हणजे पिस्टनांची वरखाली धाव फिरण्यात बदलणारा, जागोजागी मुरडलेला दांडा. व्ही-८ चा क्रँक टोकाकडून पाहिला तर दोन तऱ्हांचा असतो. एकात चार मुरड्या चार दिशांना, अधिकच्या चिन्हासारख्या. याला क्रॉस-प्लेन म्हणतात. दुसऱ्यात दोन वर दोन खाली, सगळ्या एका रेघेत; हा फ्लॅट-प्लेन. क्रॉस-प्लेन इंजिन गुळगुळीत चालतं, पण एका रांगेतले चार सिलिंडर समान अंतराने पेटत नाहीत. पहिल्यानंतर दुसरा ९० अंशांनी, मग १८०, मग २७०, मग पुन्हा १८०. त्या चौघांच्या नळ्या एकत्र केल्या तर ९० अंशांवर पेटलेले दोघे एकमेकांच्या तोंडावर धूर सोडतात आणि ताकद जाते. उपाय एकच: प्रत्येक बाजूच्या दोन नळ्या पलीकडे न्यायच्या, म्हणजे प्रत्येक जुडीत दर १८० अंशांनी एक ठोका येतो. फ्लॅट-प्लेनमध्ये ही भानगडच नाही. तिथे प्रत्येक रांग स्वतंत्र चार-सिलिंडर इंजिनासारखी वागते, नळ्या आपापल्या बाजूला राहतात.

१९६२ चं क्लायमॅक्स क्रॉस-प्लेन होतं. १९६३ साली फ्लॅट-प्लेन क्रँक आला, स्ट्रोक ५१.५ मि.मी. पर्यंत उतरला, बोअर ६८ वर गेला, आणि कार्ब्युरेटर जाऊन लुकासचं फ्युएल इंजेक्शन आलं. त्या हंगामातल्या दहापैकी सात शर्यती क्लार्कने जिंकल्या. म्हणजे माझ्या गाडीला वर स्पाचे कार्ब्युरेटर होते आणि खाली पुढच्या वर्षीच्या नळ्या. क्रमांक १६ रंगवण्यासाठी स्टेन्सिल कापून तयार होती.

पुढे तीन वाटा होत्या. पहिली, काहीच न करणं. हजारात एखाद्यालाच कळेल, आणि तो एक तर माझ्या टेबलापाशी येऊन गेलाच होता. हा युक्तिवाद मी दोन दिवस स्वतःशी घोळवला. तो चुकीचा नाही. पण मी या गाडीला ‘लोटस २५’ म्हणत नव्हतो, ‘स्पाची गाडी’ म्हणत होतो, आणि तसं म्हणणं आता जमेना.

दुसरी वाट, गाडी १९६३ ची करणं. नळ्या तशाच ठेवायच्या, कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवायचं. पहिल्या नजरेला ही स्वस्त वाटते, कारण वरचा भाग हाताशी आहे आणि इंजिन उखडावं लागत नाही. पण इंजेक्शन म्हणजे नुसत्या दुसऱ्या तुताऱ्या नव्हेत. इंधन मोजून सोडणारं मीटरिंग युनिट आलं, त्यातून आठ सिलिंडरांना जाणाऱ्या केसासारख्या आठ नळ्या आल्या, थ्रॉटलची मांडणी आली, आणि शिवाय मोसम बदलला की बॉडीवरचे बारीकसारीक फरक पुन्हा शोधणं आलं. एक चूक झाकायला दहा नव्या अंदाजांवर विसंबायचं. फोटो नीट न वाचल्यामुळे पडलेल्या खड्ड्यातून आणखी फोटो वाचून बाहेर यायचं, हा उपाय मला पटला नाही.

तिसरी, नळ्या काढून १९६२ च्या करणं. यात संशोधन कमी, तोडफोड जास्त. मी ही निवडली.

इंजिन खोक्यांच्या दोन हातांच्या मध्ये, पितळी कंसांवर इपॉक्सीने बसवलं होतं. ॲसिटोन वापरता येईना, कारण इपॉक्सी सुटण्याआधी प्लॅस्टिकचं लोणी होईल. उरली उष्णता. इपॉक्सी गरम झालं की मऊ पडतं, पण प्लॅस्टिकही शंभर अंशांच्या आसपास मान टाकतं. मधली पट्टी अरुंद. सोल्डरिंगची इस्त्री थेट कंसाच्या टोकाला टेकवली, दहा मोजले, उचलली, हलवून पाहिलं, पुन्हा टेकवली. तीन कंस सुटले. चौथ्याला मी दहाऐवजी पंधरा मोजले. कंस सुटला आणि त्याच्याबरोबर डाव्या कॅम कव्हरची, म्हणजे सिलिंडरांच्या रांगेवरच्या झाकणाची, मागची कड भातुकलीतल्या पातेल्यासारखी वाकली. ते कव्हर प्लॅस्टिकचं होतं. इंजिनाचं बाकी सगळं डोकं पितळेचं केल्यावर एवढंच प्लॅस्टिकचं का केलं होतं, याला आळसाखेरीज उत्तर नाही.

नळ्या करायच्या तर कुठल्या दोन पलीकडे जातात ते आधी कळायला हवं. इथे मित्राचं ते अधिकचं चिन्ह पुन्हा कामाला आलं. क्रॉस-प्लेन क्रँकवर पहिली आणि चौथी मुरड एकमेकींच्या समोर असतात, दुसरी आणि तिसरी एकमेकींच्या समोर. दोन्ही रांगांमधला कोन ९० अंश. कागदावर आठही सिलिंडरांचे कोन मांडले की निघतं ते असं: एका रांगेतले टोकाचे दोघे दुसऱ्या रांगेतल्या मधल्या दोघांशीच समान अंतराने जुळतात. त्यामुळे दोन्हीकडच्या मधल्या नळ्या तरी पलीकडे जातील, नाही तर दोन्हीकडच्या टोकाच्या. एक पुढची आणि एक मधली, असं कधीच होणार नाही. एवढं हातात आल्यावर ज्या दाणेदार फोटोत मला वर्षभर काळा डाग दिसत होता, त्यात पाहायचं फक्त एवढंच उरलं की समोरच्या चार नळ्यांपैकी कुठली जोडी आपली बाजू सोडून जाते. आणि ते दिसलं. फोटो तोच, भिंगही तेच.

करण्याची रीत सांगतो, कारण पहिल्या वेळी मी ती चुकीची वापरली होती. आधी पोकळ पितळी नळी वाकवायला गेलो; तीन मिलिमीटरची नळी छोट्या वळणावर चपटी होते. आत वाळू भरून पाहिली, थोडा फरक पडला, पुरेसा नाही. शेवटी भरीव तांब्याची तार तापवून मऊ केली आणि फक्त शेवटचा दिसणारा भाग नळीचा ठेवला. त्याआधी प्रत्येक वळण सोल्डरच्या जाड तारेत बसवून पाहिलं. ही तार बोटांनी वाकते, तिच्यावर माग काढता येतो, बिघडली तर फेकता येते. इंजिनाचा एक लाकडी ठोकळा केला, एक्झॉस्टची आठ भोकं अचूक जागी पाडली आणि सगळी जुडी त्या ठोकळ्यावर बांधून डाख दिला. खऱ्या इंजिनाला शेवटपर्यंत हात लावला नाही.

क्रमाला फार महत्त्व होतं. पलीकडे जाणाऱ्या चार आधी, कारण त्या आतून जातात. आपल्याच बाजूला राहणाऱ्या चार नंतर. पहिल्या खेपेला मी डावीकडच्या चारही संपवून उजवीकडे वळलो आणि शेवटची नळी घालायला जागाच उरली नाही. ती जुडी ठोकळ्यावरून काढून पुन्हा तापवावी लागली. सांधे एकमेकांच्या इतके जवळ की एक जोडताना शेजारचा सुटतो; म्हणून जोडलेल्या सांध्यावर ओल्या कागदी रुमालाचा बोळा दाबून ठेवायचा. शेवटी कानशीने सांधे साफ केले, वर पातळ राखाडी-तपकिरी रंग, डोक्याजवळ किंचित निळसर झाक. जास्त निळं करायचा मोह होतो. प्रदर्शनात मांडलेल्या मॉडेलांच्या नळ्या मोरपिसासारख्या दिसतात. धुरात आणि तेलात दोन तास पळालेल्या नळ्या तशा दिसत नाहीत.

चार आठवडे गेले. कॅम कव्हर पितळेचं नवं केलं, त्यात आणखी एक. पहिल्या नळ्या करायला मला एक शनिवार-रविवार पुरला होता.

गाडी आता पुरी झाली आहे, क्रमांक लागला आहे. हिरवा रंग मूळ छटेपेक्षा थोडा फिका ठेवला, कारण लहान वस्तूवर गडद हिरवा काळाच दिसतो. यावर मतभेद आहेत, माझं मत हे असं. जुन्या नळ्यांचा संच डबीत आहे आणि तो निर्दोष आहे, १९६३ च्या गाडीसाठी.

मागच्या आठवड्यात मित्र पुन्हा येऊन गेला. नळ्या पाहून त्याने मान हलवली, मग बराच वेळ ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवरून प्लगांकडे निघालेल्या आठ तारांवरून बोट फिरवत बसला. खरी तार सात मिलिमीटरची, माझी ०.५८. त्या तारा मी चौदा महिन्यांच्या कामात, मित्राच्या त्या प्रश्नाच्याही आधी, इंजिन पेटण्याच्या क्रमाने मोठ्या हौसेने ओवल्या होत्या. क्रम घेतला होता फ्लॅट-प्लेनचा.